नियम बदलला, आता ड्रॉइंगचं काय?

व्हॉट्सअॅपवर आलेला फॉरवर्ड वाचून ड्रॉइंगला हात लावायचा नाही. आमच्या लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे इमारतींभोवतीच्या बागा-मोकळ्या जागांचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. 'झाडांचा कायदा बदलला', 'आता पोडियमवरची (पार्किंगच्या छतावरची) बाग मोकळ्या जागेत धरणार नाहीत', 'एनओसीची गरज उरली नाही' असे निरोप सतत येत असतात. पाठवणारा बहुधा लायझनिंगवाला, म्हणजे परवानग्यांसाठी सरकारी खेटे घालणारा माणूस असतो आणि त्यानेही मूळ कागद पाहिलेला नसतो. म्हणून आधी तो कागद काढायचा, मग तो राजपत्र असो, अधिसूचना असो की शासन निर्णय. शासन निर्णयावर सांकेतांक छापलेला असतो. तो टाकून शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय सापडला, तरच पुढची चर्चा.

कागद हातात आला की समासात तीन गोष्टी लिहा: कोणत्या कलमाखाली निघालाय, कोणत्या टप्प्यावर आहे आणि कधीपासून लागू आहे.

यातला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. विकास नियंत्रण नियमांतला फेरबदल सहसा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. आधी सूचना प्रसिद्ध होते, हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि मग शासनाची मंजुरी येते. म्हणजे कलम ३७ ची सूचना हा अजून नियम झालेला नसतो, तुमचं म्हणणं मांडायची संधी असते. पण त्याच कागदावर 'कलम १५४ अन्वये निर्देश' असं दिसलं, तर हातातला चहा बाजूला ठेवून वाचायला बसा. तिथे शासन औपचारिक प्रक्रिया पुरी होण्याआधीच बदल अमलात आणू शकतं.

तारखेचा घोळ तर नेहमीचा. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळून राज्यभर एकच यूडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा अनेक प्रकल्प अर्ध्या वाटेवर होते. आधी मंजुरी मिळालेल्यांना जुन्या मंजुरीवर काम पुरं करता येत होतं किंवा नव्या नियमांत यायचा पर्याय होता. कोणता घ्यायचा हे बहुतेक ठिकाणी एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचा हिशेब करून ठरलं, बागेचं काय होईल हे कुणी विचारलं नाही. ते विचारणं आपलं काम आहे. आर्किटेक्टकडून दोन्ही पर्यायांचे ब्लॉक प्लॅन मागा, त्यावर जमिनीला टेकलेली मोकळी जागा हिरव्या पेन्सिलने रंगवा आणि मीटिंगमध्ये शेजारी-शेजारी ठेवा. मीटिंगमध्ये आकड्यावर वाद होतो, रंगवलेल्या कागदावर होत नाही.

आता झाडं, कारण सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. त्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरलं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं बदल्यात लावायची. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओटॅगिंग करायचं आणि सात वर्षं सांभाळायची.

हे वाचून क्लायंट म्हणतो, "लावू की, त्यात काय!" अशा वेळी त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडा. समजा एक हेक्टरचा प्लॉट आहे. आड येणारी बारा झाडं तोडायची आहेत, सरासरी वय पंचवीस. म्हणजे तीनशे झाडं लावायची. तीन मीटरवर एक, असं दाटीवाटीने धरलं तरी प्रत्येकाला नऊ चौरस मीटर, एकूण २,७०० चौरस मीटर जागा लागते. आणि नियमाप्रमाणे सोडायची दहा टक्के मोकळी जागा? १,००० चौरस मीटर. त्यातच मुलांची घसरगुंडी, ज्येष्ठांचा कट्टा आणि मार्केटिंगच्या ब्रोशरमधलं लॉन. उरलेली झाडं बाहेर कुठेतरी लावायची तर ती जागा शोधणं आलं, पाण्याची सोय आली आणि सात वर्षांची देखभाल आली. हा हिशेब समोर आल्यावर बारातली पाच-सहा झाडं आपोआप 'आड' येईनाशी होतात. ड्राइव्हवे दीड मीटर सरकतो, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

म्हणून ट्री सर्व्हे कॉन्सेप्टच्या (पहिल्या ढोबळ डिझाइनच्या) आधी करा. नुसता 'वड – १' असा तक्ता चालणार नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक, स्थानिक आणि शास्त्रीय नाव, जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून घेतलेला घेर, पर्णसंभाराचा व्यास, बुंध्याजवळची जमिनीची पातळी, टेप दिसेल असा फोटो आणि अक्षांश-रेखांश. यातली पातळी बहुतेक जण विसरतात. नंतर तिथे दोन फूट भराव पडतो, कागदोपत्री 'वाचवलेलं' झाड हळूहळू गुदमरून मरतं आणि कुणावरच जबाबदारी येत नाही. वय घेरावरून ठरणार असल्याने ते कोणत्या पद्धतीने काढायचं, हे वृक्ष प्राधिकरणाच्या माणसाबरोबर साइटवर उभं राहूनच ठरवून घ्या. एकोणपन्नास की एकावन्न हा वाद ऑफिसात बसून मिटत नाही.

आपल्या राज्याला झाडांचे आकडे फार प्रिय. २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी करत २०१९ ला तेहतीस कोटींपर्यंत लक्ष्य गेलं. सावली मात्र कुणी मोजली नाही. त्यामुळे नियम काहीही मागो, आमच्या ड्रॉइंगवर झाडांच्या संख्येशेजारी पूर्ण वाढ झाल्यावरच्या सावलीचं क्षेत्रफळही लिहिलेलं असतं. उद्या धोरण संख्येवरून सावलीकडे वळलंच, तर आमचा तक्ता तयार आहे.

प्रजातींचंही तसंच. कोनोकार्पस या झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडाच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या गुजरातने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आम्ही कोणतीही एक प्रजाती एकूण झाडांच्या दहा टक्क्यांवर जाऊ देत नाही. मग यादीतलं एक नाव कटलं तरी सगळा प्लान्टिंग प्लॅन कोसळत नाही.

हीच गोष्ट मातीची. पोडियमवर आज चालते म्हणून अडीच फूट माती टाकून मोकळं होऊ नका. मोठ्या झाडाला मीटर-सव्वामीटर खोली द्यायचीच, असं धरून सुरुवातीलाच स्ट्रक्चरल इंजिनिअरला भार कळवा. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. स्लॅब एकदा कमी भाराचा झाला की पुढे कोणताही चांगला नियम आला तरी तुम्ही कुंड्याच मांडणार. किमान नियमाला चिकटून काढलेलं डिझाइन पुढच्या दुरुस्तीत सगळ्यात आधी मोडतं. माती, पाणी आणि उतार यांतून निघालेलं बहुतेक वेळा तगतं.

सूट मिळाली म्हणून लगेच ड्रॉइंग छाटू नका. केंद्राने २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने शाळा-कॉलेजं, औद्योगिक शेड अशा बांधकामांना वीस हजार चौरस मीटरच्या वरही पूर्व पर्यावरण मंजुरीतून सवलत दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये ती सवलत रद्दच केली. मधल्या काळात ज्यांनी त्या मंजुरीसाठी लागणारे शोषखड्डे आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी लाइन ड्रॉइंगमधून काढून टाकली, त्यांना ती परत घालावी लागणार. पाइप जमिनीखाली जायच्या आधीच हे सुचलं तर बरं.

पूररेषेबद्दल थोडक्यात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत, नदीच्या बाजूला बागा आणि मैदानं चालतात म्हणून तिथे आपल्याला बोलावतात. पण २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी कुठवर चढलं हे सगळ्यांनी पाहिलंय. नकाशावरच्या रेषेपेक्षा पाण्याने भिंतीवर सोडलेली खूण वर असेल, तर डिझाइन त्या खुणेला धरून करा. रेषा आज ना उद्या सरकवावी लागेल.

आणि कलम ३७ चा तो एक महिना वाया घालवू नका. 'हा बदल पर्यावरणविरोधी आहे' असली हरकत फायलीत जाते आणि तिथेच राहते. त्यापेक्षा असं लिहा: 'प्रस्तावित तरतूद अमुकमधील "मोकळी जागा" या शब्दांपुढे "त्यापैकी किमान निम्मी नैसर्गिक जमिनीवर, खाली तळघर नसलेली" हे शब्द समाविष्ट करावेत.' सोबत एका नमुना प्लॉटचा छेद जोडा: डावीकडे सध्याचा नियम, उजवीकडे तुमची सूचना, खाली मातीची खोली आणि मुरणारं पाणी. अधिकाऱ्याला मसुद्यात जसंच्या तसं चिकटवता येईल असं वाक्य दिलंत तर ते अंतिम नियमात जायची शक्यता वाढते. इसोलाच्या (लँडस्केप आर्किटेक्ट्सच्या राष्ट्रीय संघटनेच्या) तुमच्या शहरातल्या शाखेकडून एकत्रित हरकत जात असेल तर तिथे सही कराच, पण स्वतःचीही वेगळी द्या. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कारण सुनावणीचं पत्र त्याच नोंदीवरून निघतं. आणि सुनावणीला जाताना ए-थ्रीचे तीन प्रिंट जवळ ठेवा. प्रोजेक्टर असेल असं सांगतात, पण बहुधा नसतो.