रतनगड ते हरिश्चंद्रगड: सीझनमध्ये मुक्काम कसा पकडायचा

ठाण्याहून कसारा लोकल पकडायच्या आधी मुक्काम पक्का करा, डिसेंबरच्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर तंबूला सपाट जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. रतनवाडी, कुमशेत, पाचनई, तिन्हीकडे घरगुती सोय होते, पण ऑनलाइन शोधत बसू नका, सरळ गावातल्या दादांना फोन लावा, रेंजची बोंब असते म्हणून संध्याकाळी परत ट्राय करा आणि माणसं किती, पिठलं-भाकरी किती जणांची, तंबू त्यांचा की आपला, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ॲडव्हान्स थोडाच द्या. रतनगडावरची गुहा बुक होत नाही हां, आधी पोचेल त्याची! सुट्टी मिळत असेल तर रविवारी चढायला लागा, तेव्हा बाकी पब्लिक उतरत असतं. अभयारण्य आहे, त्यामुळे तंबू-शेकोटीचं वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा.