घरात साप निघाला किंवा माळ्यावर उदमांजर आलं, तर काय करायचं? सोलापूरकरांसाठी

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर 43 अंश. शेजारच्या अक्कांनी वाळू बदलायला माठ उचलला, तर खालच्या ओल्या वाळूत वेटोळं करून हातभर साप बसलेला. माठ तसाच कवेत धरून त्यांनी हाक मारली, "ओ अण्णा, या की लवकर!" मी पोचेपर्यंत गल्लीतल्या चौघांनी काठ्या आणल्या होत्या, एकानं फिनेलची बाटली आणली होती. फोन कुणाला करायचा, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. साप निघाला कवड्या, म्हणजे बिनविषारी. तो वाचला, कारण काठी कुणी मारायची यावरच वाद सुरू होता.

म्हणून पहिली पायरी साप निघायच्या आधीची. मोबाईलमध्ये आजच दोन नंबर जतन करा. 1926 ही वनविभागाची हेल्पलाईन, आणि 108 ही रुग्णवाहिका. तिसरा नंबर आपल्या भागातल्या एखाद्या जाणत्या सर्पमित्राचा. साप गळ्यात घालून व्हिडिओ काढणारा सर्पमित्र नको. आमच्याकडे असा एकजण आला होता. नागाशी अर्धा तास खेळ करून पोरांची गर्दी जमवली आणि पोतं विसरलो म्हणून पुन्हा घरी गेला.

दुसरी पायरी: साप दिसला की मागे सरका, पण नजर सोडू नका. एका मोठ्या माणसानं आठ-दहा फुटांवर उभं राहून फक्त बघत राहायचं. बाकीच्यांनी लहान मुलं आणि कुत्रं-मांजर बाहेर न्यायचं. आतल्या खोल्यांची दारं लोटून खालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, बाहेरचं दार उघडं ठेवायचं. पुष्कळदा साप स्वतःच वाट धरतो. पाणी, फिनेल, मिरचीचा धूर यातलं काही करू नका. बिथरलेला साप कपाटामागे शिरला, की मग आख्खं घर रिकामं करायची वेळ येते. सर्पमित्र येईपर्यंत 'आता होता, कुठं गेला' असं झालं, तर रात्री झोप कुणालाच नाही.

तिसरी पायरी ओळखीची, आणि ती लांबूनच करायची. मोबाईलवर झूम करून फोटो काढा आणि सर्पमित्राला पाठवा. जीवघेण्या दंशांसाठी मुख्यतः चार जाती जबाबदार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो, म्हणून तो सगळ्यांना ओळखू येतो. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, आणि चिडली की कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज करते. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात, हा तिचा खरा धोका. फुरसे वीतभर-हातभर, माळरानावर दगडाखाली राहणारं. शहराच्या कडेच्या नव्या प्लॉटिंगमध्ये मुरूम-दगडांचे ढीग पडलेले असतात, तिथं हात घालताना जपा.

सगळ्यात फसवी मण्यार. काळीभोर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीनं. हे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं उलट असतं. त्याचे पट्टे मानेपासूनच असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. उन्हाळ्यात अंगणात, गच्चीवर झोपायची आपली पद्धत आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण सतरंजीऐवजी खाट घ्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. रात्री उठताना बॅटरी हाताशी ठेवा.

चौथी पायरी, चावलाच तर. माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज चढली की ते रुततात. चावलेला हात-पाय फळी किंवा जाड पुठ्ठ्याला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. वेळ लिहून घ्या. करकचून दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं चोखणं, कांदा-हळद लावणं, सगळं बंद. सापाच्या मागे धावू नका. डॉक्टरांना मेलेला साप लागत नाही, ते लक्षणं बघून उपचार करतात. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ते 20 मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनल्याचा संशय धरतात. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस याच चारही जातींवर चालते.

108 ला फोन करा, किंवा हाताशी गाडी असेल तर थेट सिव्हिल गाठा. वाटेत मांत्रिकाकडे थांबू नका. 'अमक्याचं विष मंत्रानं उतरलं' हे खरंही वाटतं. कारण चावलेल्यांत बिनविषारी साप पुष्कळ असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. तो माणूस तसाही जगणारच होता. पण मण्यारीच्या दंशात तिथं गेलेला तास परत मिळत नाही.

पाचवी पायरी घराची. हे काम कंटाळवाणं, पण खरं काम हेच. साप तुमच्यासाठी येत नाही. तो उंदरासाठी, थंडाव्यासाठी आणि फटीतून येतो. ज्वारीची पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेली असतील, तर फळीवर चढवा आणि भिंतीपासून हातभर सरकवा. गोठ्याजवळची कडब्याची गंजी घराला चिकटून नको. माठ वाळूवर ठेवण्यापेक्षा तिवईवर ठेवा. मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी, दाराखाली रबराची पट्टी, कंपाउंडच्या भिंतीतल्या भोकांना सिमेंट. उंदीर जिथून जातो, तिथून साप जातो. कार्बोलिक ॲसिड शिंपडून साप येत नाहीत या भरवशावर राहू नका, त्यानं कातडी मात्र भाजते. धामण दिसली आणि वाटेत नसेल, तर तिला जाऊ द्या. पुरुषभर लांब असली तरी बिनविषारी आहे, आणि उंदरांचा बंदोबस्त ती फुकटात करते.

मारणं हा पर्याय कायद्यातही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि तो नान्नजच्या माळढोकाला जसा लागू, तसा तुमच्या अंगणातल्या नागालाही. नागपंचमीला नाग दारात आणणाऱ्याला पैसे आणि दूध देऊ नका. साप दूध पीत नाही. अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तोंड लावतो. मांडुळाला 'दोन तोंडं' असतात आणि त्याचे लाखो रुपये मिळतात, असं सांगणारा भेटला, तर थेट 1926 लावा.

आता बाकीचे. मुंगूस दिसलं तर काहीच करायचं नाही, कोंबड्यांचं खुराडं तेवढं नीट बंद करा. घोरपड न्हाणीघरात शिरली तर दार बंद करून वनविभागाला कळवा. ती अंगावर येत नाही, पण कोपऱ्यात अडकली की शेपटीचे फटके देते आणि चावते.

उदमांजराचं प्रकरण वेगळं. रात्री छतावर कुणीतरी चालतंय असं वाटतं, माळ्यावर बियांनी भरलेली विष्ठा सापडते, आणि घरातली म्हातारी माणसं भुताचं नाव घेतात. तो फळं आणि उंदीर खाणारा लाजाळू प्राणी आहे. दिवसा माळ्यावर झोपतो, रात्री बाहेर पडतो. त्याला हाकलायचं असेल तर आधी आत पिल्लं आहेत का ते बघा. असली तर भोक बुजवू नका, आई-पिल्लांची ताटातूट होते आणि आई पत्रे उचकटते. पिल्लं हिंडू लागेपर्यंत थांबा. नसली तर दोन-तीन दिवस माळ्यावर दिवा आणि रेडिओ चालू ठेवा, छताला टेकलेल्या फांद्या छाटा. मग वर्तमानपत्राचा बोळा करून भोकात हलकेच बसवा. सलग दोन-तीन रात्री बोळा जागचा हलला नाही, म्हणजे आत कुणी नाही. मगच गवंड्याला बोलवा.