पानं नीट उघडत नव्हती, दोष घड्याळाचा निघाला

जुन्या डेस्कटॉपवर बँकेचं पान उघडलं की ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा यायचा. काही पानं उघडायची, पण चित्रांविना, नुसती अक्षरं. ब्राउझरची कॅश (त्याने साठवलेल्या पानांच्या प्रती) साफ केली, एक्स्टेन्शन बंद केली, ब्राउझर काढून पुन्हा टाकला. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

मग कोपऱ्यातली तारीख दिसली: १ जानेवारी २०१५! वेबसाइट खरी असल्याची खूण म्हणजे तिचं सुरक्षा प्रमाणपत्र, आणि त्याला मुदत असते. संगणकाची तारीख त्याबाहेर गेली की ब्राउझर ते नाकारतो.

संगणक बंद करून प्लग काढला. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदलला, अधिक चिन्हाची बाजू वर. सुरू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ भरून सेव्ह केली. मग विंडोजमध्ये टाइम झोन ‘+०५:३०’ निवडला, वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू केला आणि ब्राउझर पुन्हा उघडला. सगळी पानं पूर्ण आली.

तारीख दुरुस्त होईपर्यंत इशाऱ्यातलं ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, बँकेच्या पानावर तर मुळीच नाही.