मैफलीची एक रात्र: संसारी माणसाने ती कशी जमवून आणावी

नोकरी, मुलांचे शिक्षण, आई-वडिलांची औषधे आणि घराचा हप्ता यांत वर्ष कधी सरते ते कळत नाही, आणि गाण्याची मनापासून ओढ असलेल्या माणसाचेही समोर बसून गाणे ऐकणे दोन-दोन वर्षे राहून जाते. सोलापुरात माझ्या ओळखीच्या अनेक घरांत हेच चित्र आहे. अशी एक रात्र मिळवायची तर ती आधी घरात जमवून आणावी लागते. तिकीट काढणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. गेल्या काही वर्षांत मला जे उपयोगी पडले, ते क्रमाने येथे मांडतो.

तारीख ठरवताना

कार्यक्रमाची जाहिरात दिसताच तिकीट काढू नये. आधी घरातले कॅलेंडर पाहावे. मुलांची परीक्षा, पत्नीच्या कार्यालयातील कामाचे दिवस, आईची दवाखान्यातील तपासणी, जवळच्या नात्यातले लग्न या गोष्टी कोणीही पाहतोच, पण आपल्या गावात आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती म्हणजे पाण्याचा दिवस. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि आपल्या भागाची पाळी साधारण कधी असते, हे प्रत्येक घराला तोंडपाठ असते. मैफलीची संध्याकाळ आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी येत असेल, तर टाकी, पिंप आणि पिण्याच्या पाण्याचे हंडे भरण्याचे सगळे काम घरात मागे राहणाऱ्या माणसावर पडते. अशा दिवशी जाऊ नये. गेलोच तर पाणी भरून जावे, आणि ते शक्य नसेल तर पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहावी.

जानेवारीत आणखी एक विचार करावा. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान आणि पार्क चौकाच्या परिसरात मोठी गर्दी असते, आणि १२ जानेवारीला, स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिनही त्याच दिवसांत येतो. त्या काळात हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात कार्यक्रम असेल, तर गाडी बऱ्याच अंतरावर लावून पायी जाण्याची तयारी ठेवावी.

घरी बोलताना

किमान पंधरा दिवस आधी पत्नीशी बोलावे. “शनिवारी मी जाऊ का?” असा आयत्या वेळचा प्रश्न विचारला की समोरच्या माणसापुढे हो म्हणण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि तसा मिळालेला होकार खरा नसतो. त्यापेक्षा कार्यक्रम कोणता, किती ते किती, त्या वेळात घरातली कोणती कामे येतात आणि त्यांतली कोणती मी आधी उरकणार आहे, हे सगळे एकदम सांगावे. तिलाही गाण्याची आवड असेल, तर प्रथम दोघांनी जाता येते का ते पाहावे. मुलांजवळ एक रात्र थांबायला आत्या किंवा मावशी तयार असतेच, फक्त तिला आधी विचारावे लागते.

एकट्याने जायचे ठरले, तर त्याच बैठकीत पत्नीची संध्याकाळही ठरवावी. तिचे मैत्रिणींकडे जाणे असो, नाटक असो किंवा माहेरी एक दिवस राहणे असो, त्याची तारीख कॅलेंडरवर आपल्या तारखेच्या आधी लिहावी. नंतर पाहू म्हटलेली तारीख कधीच येत नाही, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तिकीट आणि जागा

सभागृहात सर्वांत पुढची रांग ही ऐकण्यासाठी उत्तम जागा नव्हे. तेथे ध्वनिवर्धकाचा आवाज एका बाजूने अंगावर येतो आणि गायक, तबला व पेटी यांचा मेळ नीट ऐकू येत नाही. रंगमंचापासून साधारण एक तृतीयांश ते अर्ध्या अंतरावरची, मधल्या पट्ट्यातली जागा घ्यावी. बाल्कनीच्या खाली फार मागे बसू नये, कारण तेथे आवाज दबतो. ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्याने मात्र मधल्या जागेचा मोह सोडून रांगेच्या कडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे उठावे लागले तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

परतीची वेळ घरी खरी सांगावी. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावण्यास नियमाने बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवसांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. बंदिस्त सभागृहाला ही मर्यादा तशी लागू नाही, त्यामुळे तेथील मैफल रंगली तर लांबू शकते. सांगितलेल्या वेळेत अर्धा तास जास्तीचा धरावा.

त्या दिवशी दुपारनंतर

आईची रात्रीची गोळी एका वाटीत काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवावी. मुलांचा अभ्यास आणि दप्तर पाहून घ्यावे. गॅस सिलिंडर संपत आला असेल तर तो आधीच बदलावा. स्वतःचे जेवण हलके आणि लवकर करावे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक एवढे सहा वाजता घेतले, की मध्यंतरात भूक लागत नाही आणि पोट जड होऊन डोळेही मिटत नाहीत. ज्याचे डोळे आठवडाभराच्या थकव्याने रात्री नऊला मिटतात, त्याने दुपारी अर्धा तास पडावे. समोर मालकंस राग चालू असताना डुलकी लागली, तर पुढचे दोन महिने हळहळ वाटत राहते.

घरचा फोन

या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. काही वर्षांपूर्वी एका मैफलीला बसताना मी मोबाइल पूर्ण बंद केला. त्याच रात्री धाकटीला ताप चढला. पत्नीने पुनःपुन्हा फोन केले, शेवटी शेजारच्या काकांना उठवून तिला दवाखान्यात नेले, आणि मी साडेदहाला प्रसन्न मनाने घरी आलो तेव्हा दाराला कुलूप होते. मुलगी बरी झाली, पण दारासमोर किल्ली हातात धरून उभे राहिल्याचा तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. मोबाइल आवाज बंद करून, थरथर चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात असतो आणि एरवी मी तो पाहत नाही. लागोपाठ दोनदा फोन आला, तर मात्र त्याचा अर्थ “ताबडतोब बाहेर ये” असाच आहे. एकदाच आलेला फोन मध्यंतरापर्यंत थांबू शकतो. शेजारच्या एका विश्वासू घरालाही आपण कोठे आहोत ते सांगून ठेवावे. ही व्यवस्था पक्की असली की मन घराकडे ओढले जात नाही.

सभागृहात

अर्धा तास आधी पोहोचावे, कारण पडदा उघडल्यावर सुरुवातीला जे घडते ते चुकवण्यासारखे नसते. तानपुरा जुळवताना पाहावा. चार तारांपैकी मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या म्हणजे ‘सा’च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची आणि पहिली पंचमाची म्हणजे ‘प’ची, रागाला पंचम वर्ज्य असेल, म्हणजे लागत नसेल, तर मध्यमाची म्हणजे ‘म’ची. कलाकार खुंटी थोडी पिळतो, तार छेडतो, कान जवळ नेतो, मग घोडीवरच्या तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवतो आणि एकदम तो आवाज गोल होऊन सभागृहात भरतो. त्या क्षणी दिवसभराचे हिशेब, फोन, वाद सगळे मागे पडते. उशिरा येणाऱ्याला हे मिळत नाही.

ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय नाही, त्यांनी पहिली वीस मिनिटे धीर धरावा. ख्यालाची, म्हणजे अशा मैफलीतल्या मुख्य गायनप्रकाराची, सुरुवात विलंबित म्हणजे संथ लयीत होते. बारा मात्रांचा एकताल इतका संथ चालतो, की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरे व्हायला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागू शकतो. अशा वेळी सगळे समजून घेण्याचा आटापिटा करू नये. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, पकडावा आणि गायक तो घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कधी येतो एवढेच ऐकत राहावे. तीन-चार आवर्तनांनंतर सम आपल्याला आतूनच कळू लागते, आणि द्रुत म्हणजे जलद बंदिशीपर्यंत श्रोता गायकाच्या बरोबर चालत असतो. भैरवी सुरू झाली म्हणजे मैफल संपत आली असे समजावे, पण गाडी आधी काढता यावी म्हणून तेव्हा उठू नये. ते कलाकाराला आणि मागच्या श्रोत्यांना फार लागते.

चित्रपटगीतांचा किंवा बँडचा मैदानावरील कार्यक्रम असेल, तर कानांची काळजी घ्यावी. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असे मानले जाते. पुढे दर ३ डेसिबलना ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते, आणि मोठ्या स्पीकरच्या भिंतीजवळ तेवढा आवाज सहज असतो. कापसाचे बोळे पुरेसे नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावेत. लहान मूल बरोबर असेल, तर स्पीकरपासून शक्य तितके दूर बसावे.

ज्यांना एखाद्या वर्षी मोठा बेत जमत असेल, त्यांनी डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ऐकावा. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली तो सुरू केला. सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर असल्याने तेथे मुक्काम किंवा रात्रीची गाडी ठरवूनच निघावे. सबंध महोत्सवाचा हट्ट धरू नये, एक सत्र पुरते.

परतल्यावर

निघण्यापूर्वी एक छोटा संदेश पाठवावा. कडी आतून लावायची नाही, हे आधीच सांगितलेले असावे आणि किल्ली जवळ असावी. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा वेग कमी करावा. चप्पल हातात घेऊन आत जावे, ओट्यावरची वाटी पाहून आईने गोळी घेतली की नाही याची खात्री करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा आपण ठेवावा. चहा घेताना कालचे जे आठवेल ते पत्नीला सांगावे, आणि उठून कॅलेंडरवरची तिची तारीख आज किती दिवसांवर आली आहे ते मोजावे.