बाजूला चालणाऱ्याचा हात

फिजिओथेरपीची पदवी, लहान मुलांच्या विभागातली चार वर्षं आणि शाळेत असताना माथेरानला दोनदा घोड्यावर बसल्याची आठवण, एवढ्या भांडवलावर मी पुण्याजवळच्या एका पागेत दिव्यांग मुलांच्या रायडिंगला मदत करायला गेले. यातलं निम्मं आपल्याला येतंच, अशी समजूत होती. ती उतरायला दोन महिने लागले.

हिप्पोथेरपीत थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतो आणि थेरप्युटिक रायडिंगमध्ये मूल रपेट शिकतं, हा फरक तुम्हाला माहीत असणार. मी घसरले ते याच्याही खालच्या पायरीवर. घोड्याच्या बाजूनं नुसतं चालण्यात!

सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेला, नऊ वर्षांचा मुलगा. खोगीर नाही, घोड्याच्या पाठीवर जाड नमदा, म्हणजे लोकरीची गादी, आणि त्यावर मूठ असलेला पट्टा. पुढे लगाम धरून मामा, म्हणजे पागेतले जुने मोतद्दार. एका बाजूला दुसरी स्वयंसेवक, एका बाजूला मी. पोरगं पडू नये म्हणून मी त्याची कंबर घट्ट धरलेली. तिसऱ्या रविवारी, पंधराएक मिनिटांनी, तो हळूहळू माझ्या बाजूला कलंडायला लागला. मी सरळ केलं, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा तो नमद्यासकट सरकला. दुसऱ्या मुलीनं त्याचा पाय दाबून धरला म्हणून निभावलं. तो हसत होता. कुंपणापाशी बसलेली त्याची आई मात्र उभी राहिली होती.

मला वाटलं, तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा, ढिला. घोडं पोट फुगवतं, त्यामुळे पाच मिनिटं चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो, हे मी नुकतंच शिकले होते. मामांनी तंगाखाली दोन बोटं घालून पाहिली. "तंग बरोबर आहे, ताई. तुम्हीच ओढताय त्याला."

खरंच ओढत होते. खांद्याच्या उंचीवर हात धरून वाळूत चालून बघा. दहा मिनिटांत दंड भरून येतो, मग तो हात आधार देत नाही, लोंबकळतो. तुम्हाला कळतही नाही. मुलाला मात्र एका बाजूनं ओढ लागते आणि तो तिकडेच झुकतो. आपण समजतो, त्याचा तोल कच्चा आहे, म्हणून आणखी घट्ट धरतो.

दुसरी गोष्ट फिजिओ असूनही माझ्या डोक्यात आली नाही, याची अजून लाज वाटते. घोडा साध्या चालीनं चालताना त्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हलते, आणि वर बसलेल्याची कंबर जवळपास आपली चालताना हलते तशी हलते. मूल घोड्यावर बसवायचं ते यासाठी. प्रत्येक पावलाला त्याच्या धडानं तोल सावरायचा असतो. मी नेमकी कंबरच जखडून ठेवली होती. घोडा बिचारा हलवतोय आणि मी थांबवतेय!

आता मी हात मुलाच्या मांडीवर आडवा टेकवते आणि पंजानं पट्ट्याची पुढची मूठ धरते. कोपर घोड्याच्या बरगडीत खुपसायचं नाही, त्याला ती टाच वाटते. मुलाच्या पायाच्या रेषेत चालायचं, मागे रेंगाळायचं नाही. मूल जेवढं सावरू शकतं तेवढा आधार कमी करायचा. आणि हात भरून आला की मोठ्यानं सांगायचं. घोडा पूर्ण थांबवून बाजू बदलायच्या, एका वेळी एकानंच. दोघांनी एकदम हात सोडायचा नाही. मला हे सांगायचा संकोच वाटायचा. असला संकोच असेल तर सरळ घरी बसा.

एवढं वाचून घाबरू नका. हात महिन्याभरात बसतो. मी जेमतेम पाच फूट, म्हणून उंच घोड्याला अजूनही जात नाही, आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीला लावा, पण भरवसा ठेवा मोतद्दारावर. माझ्या सरांनी मला घोड्याची हाडं शिकवली; कान मागे पाडले की काय समजायचं ते मामांनी. रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतोय म्हणून नाचणाऱ्यांपासूनही जपून राहा. वेगासाठी घडवलेल्या जनावराला या कामासाठी नव्यानं घडवायला फार सबुरी लागते.

डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कुणालाही चढवू नका, आईनं कितीही गळ घातली तरी. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी, पाय ताठर असतील तर खुब्याचा एक्स-रे. आटोक्यात नसलेल्या फिट्स असतील तर थेट नाही.

आणि लिस हार्टेलची गोष्ट पालकांना अर्धी सांगू नका. पोलिओनंतर गुडघ्याखाली पाय लुळे असताना डेन्मार्कच्या या बाईनं 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, रौप्य मिळवलं, हे खरं. पण 1944 मध्ये पोलिओ होण्याआधीच ती अव्वल दर्जाची स्वार होती. आपल्याकडे येणारं मूल त्या दिवशी पहिल्यांदा घोडा हुंगत असतं.

तो मुलगा पुढच्या रविवारी येईल असं वाटलं नव्हतं. आला. आईनं त्याला रॅम्पवर आणलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आज कुठल्या बाजूला तुम्ही?" मी म्हटलं, "आज मी नुसती बघणार आहे." तो महिना मी कुंपणाशी, त्यांच्या शेजारी बसून काढला.