टर्कीची छाती कोरडी पडायची, त्यावरचा उपाय

जालन्यात आमच्याकडे नाताळला अख्खी टर्की भाजतात. दरवेळी एकच रड: मांड्या शिजेपर्यंत छातीच्या मांसाचा चोथा. वरून रस्सा ओतून वेळ मारून नेता येते, पण मग भाजायची कशाला?

उपाय मिठाच्या पाण्यात निघाला. लिटरला 60 ग्रॅम मीठ, तेही तोलूनच. खडं मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही. थोड्या गरम पाण्यात मीठ विरघळवायचं, बाकीचं गार पाणी घालायचं, सगळं पूर्ण थंड झालं की टर्की बुडवायची. मिठाने मांसातली प्रथिनं सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. लसूण, तेजपान, मिरे मी घालते खरं, पण त्यांचा वास कातडीच्या आत फारसा जात नाही.

खरी अडचण फ्रिजची. 4 किलोची टर्की पातेल्यासकट मावेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढी थंडी हाय, ठेव की अंगणात." पण कच्च्या मांसाला 4 अंशांच्या आतली थंडी लागते, डिसेंबरातल्या रात्रीचा काय भरवसा? मासेवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली. आत स्टीलचा डबा, भोवती ठेचलेला बर्फ. एक रात्र पुरे, जास्त ठेवली तर मांस खारट आणि रबरी होतं.

सकाळी कोरडी पुसून तशीच उघडी फ्रिजमध्ये. पातेलं नसलं की मावते. कातडी सुकली तरच कुरकुरीत होते. वरून मीठ चोळायचं नाही. छातीत आणि मांडीत थर्मामीटर 74 अंश दाखवेपर्यंत भाजा. ट्रेमधला रस खारट असतो, रश्श्यात चाखत चाखत घाला.