देशाचे डोमेन घेताना रहिवासाच्या अटीबाबत होणाऱ्या या चुका टाळा

डॉट सीए (कॅनडा), डॉट एयू (ऑस्ट्रेलिया) किंवा डॉट ईयू (युरोपीय संघ) असे एखाद्या देशाचे किंवा प्रदेशाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, घेताना रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, अर्जात 'मी या डोमेनसाठी पात्र आहे' अशा अर्थाची एक ओळ असते. पुष्कळ जण ती न वाचताच खूण करतात आणि पैसे भरतात. डोमेन काही वेळात चालूही होते, त्यामुळे अट पूर्ण झाली असा समज होऊन बसतो. परंतु अनेक रजिस्ट्री, म्हणजे त्या त्या देशाच्या डोमेनची नोंद सांभाळणाऱ्या संस्था, नोंदणीच्या वेळी कागदपत्रे मागत नाहीत. त्या अर्जदाराचे म्हणणे तूर्त मान्य करतात आणि तक्रार आल्यावर किंवा आपल्या नित्याच्या पडताळणीत नाव निघाल्यावर पुरावा मागतात. रहिवासाची अट ही खरेदीच्या क्षणापुरती नसून डोमेन ताब्यात असेपर्यंतची आहे, आणि ती ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यालाच लागू होते. पुढील बहुतेक चुका या दोन गोष्टी नीट ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

सर्व देशांचा नियम सारखाच समजणे

दोन अक्षरी डोमेन ही आयएसओ ३१६६ या मानकातील देशसंकेतांवर आधारलेली आहेत. मात्र ती कोणाला द्यायची हे त्या त्या देशाची रजिस्ट्री ठरवते. त्यामुळे एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावता येत नाही. डॉट इन (भारत), डॉट सीओ (कोलंबिया) आणि डॉट एआय (अँग्विला) जगातील कोणालाही घेता येतात. फिनलंडच्या डॉट एफआयवर पूर्वी निर्बंध होते. सप्टेंबर २०१६ मध्ये ते उठले. याउलट नॉर्वेच्या डॉट एनओसाठी संस्थेला तेथील नोंदणी क्रमांक आणि खासगी व्यक्तीला तेथील राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. जपानमध्ये डॉट सीओ डॉट जेपी हे डोमेन तेथे नोंदलेल्या कंपनीलाच मिळते, आणि तेही एका कंपनीला एकच.

युरोपमध्ये हा गोंधळ विशेष होतो. फ्रान्सचे डॉट एफआर डिसेंबर २०११ पासून युरोपीय संघाबरोबरच आइसलँड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथील रहिवाशांनाही खुले आहे. डॉट ईयूसाठी पात्र देशांच्या यादीत मात्र स्वित्झर्लंड नाही. म्हणजे केवळ स्वित्झर्लंडमध्येच असलेल्या कंपनीला डॉट एफआर मिळू शकते, पण डॉट ईयू मिळत नाही. डॉट ईयूचा नियम व्यक्तींच्या बाबतीत आणखी वेगळा आहे: संघाच्या देशात राहणारी व्यक्ती कोणत्याही देशाची नागरिक असली तरी पात्र ठरते, आणि ऑक्टोबर २०१९ पासून संघाचा नागरिक जगात कुठेही राहत असला तरी पात्र ठरतो. नागरिकत्व आणि रहिवास या दोहोंपैकी नेमके काय मोजले जाते, हे प्रत्येक वेळी मूळ नियमावलीतच पाहावे; विक्रेत्याच्या पानावरील एका ओळीच्या सारांशावर विसंबू नये.

पात्रता भलत्याच व्यक्तीची दाखवणे

संकेतस्थळ तयार करून देणारी संस्था त्या देशात आहे, पैसे भरणारे कार्ड तेथील आहे किंवा सर्व्हर तेथे आहे, म्हणून डोमेनधारक पात्र ठरत नाही. पाहिले जाते ते नोंदीतील नाव. अमेरिकेच्या डॉट यूएसच्या नियमांत नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचे ते सांगणारे संगणक) त्याच देशात असावेत असे म्हटलेले आहे खरे, पण ती जादा अट आहे. धारकाने नागरिक, कायमचा रहिवासी, तेथे स्थापन झालेली संस्था किंवा तेथे खरोखर व्यवहार असलेली परदेशी संस्था असणे हे त्यामुळे सुटत नाही. याच डोमेनसाठी धारकाचे नाव झाकून ठेवणाऱ्या गोपनीयता सेवेला २००५ पासून मनाई आहे.

संकेतस्थळ करणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्या नावावर नोंदणी केली असेल, तर पात्रता त्याची आणि कायद्याने हक्कही त्याचाच, अशी स्थिती होते. पुढे संबंध बिघडले की खरा व्यवसाय करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, कारण तक्रार करताना आपण स्वतः पात्र नव्हतो हे त्याला आधी सांगावे लागते. माझ्या मते या यादीतील सर्वांत महाग चूक हीच आहे. स्थानिक प्रतिनिधी किंवा विश्वस्त म्हणून नाव देणाऱ्या सशुल्क सेवा काही देशांत चालतात आणि काही ठिकाणी त्या नियमभंगात मोडतात. ऑस्ट्रेलियात तर डोमेनचा परवाना त्रयस्थाला भाड्याने देणे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. जर्मनीच्या डॉट डीईची गोष्ट निराळी आहे. तेथे धारकाला रहिवासाची अट नाही, फक्त रजिस्ट्रीने मागणी केल्यास परदेशी धारकाला न्यायालयीन कागदपत्रे स्वीकारणारा जर्मनीतील प्रतिनिधी मुदतीत नेमावा लागतो.

ट्रेडमार्क म्हणजे सरसकट परवाना समजणे

कॅनडात स्वतःची कंपनी नसली तरी तेथे नोंदलेल्या ट्रेडमार्कच्या आधारे डॉट सीए मिळू शकते. मात्र त्या डोमेनमध्ये ट्रेडमार्कमधील शब्द जसाच्या तसा असावा लागतो. इतर कोणतेही नाव त्या आधारावर घेता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा नियम याहून कडक आहे. १२ एप्रिल २०२१ पासून ट्रेडमार्कच्या आधारे घेतलेले परदेशी धारकाचे डोमेन त्यातील शब्दांशी तंतोतंत जुळावे लागते, नुसता तो शब्द असून भागत नाही, आणि त्यापूर्वी घेतलेल्या डोमेनलाही पुढील नूतनीकरणापासून हीच कसोटी लागली. अर्ज प्रलंबित असलेला ट्रेडमार्क आणि नोंदलेला ट्रेडमार्क यांना एकाच मापाने मोजले जाईल असे गृहीत धरू नये. ट्रेडमार्कची मुदत संपली तर त्यावर उभे असलेले डोमेनही अडचणीत येते, म्हणून दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा एकत्र लिहून ठेवाव्यात.

एकदा पात्र म्हणजे कायमचे पात्र समजणे

कंपनी बंद होते, कुटुंब दुसऱ्या देशात जाते, कधी देशच करारातून बाहेर पडतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथील धारकांची डॉट ईयूसाठीची पात्रता संपली आणि १ जानेवारी २०२१ रोजी सुमारे ८० हजार डोमेन स्थगित झाली. यामागे पैसे थकल्याचे कारण नव्हते. ज्यांची संघाच्या एखाद्या देशात शाखा होती किंवा जे संघाचे नागरिक होते, त्यांनी नोंद दुरुस्त करून डोमेन वाचवले. इतरांची डोमेन पुढे रद्द झाली. आपोआप होणारे नूतनीकरण येथे उपयोगी पडत नाही, कारण ते फक्त शुल्क भरते.

पडताळणीची सूचना आल्यास

प्रथम ती सूचना खरी आहे का हे रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः प्रवेश करून पाहावे. ईमेलमधील दुव्यावरून जाऊ नये, कारण अशा नावाने फसवणूकही होते. त्यानंतर आपण कोणत्या गटात (नागरिक, रहिवासी, संस्था वगैरे) पात्रता सांगितली होती ते तपासावे. पुष्कळदा माणूस पात्र असतो, पण नोंदणी करताना गट चुकीचा निवडलेला असतो, किंवा कंपनीचे नाव नोंदणी प्रमाणपत्रात एक आणि डोमेनच्या नोंदीत दुसरे असते, किंवा पत्ता जुना असतो. अशा वेळी नोंद दुरुस्त करून कागदपत्र जोडले की प्रश्न सहसा सुटतो. धारकाचे नाव बदलणे हे मात्र काही रजिस्ट्रींमध्ये साधी दुरुस्ती न मानता हस्तांतरण मानले जाते आणि त्यासाठी वेगळी प्रक्रिया व शुल्क असू शकते.

संपर्कासाठी त्याच डोमेनवरील ईमेल दिलेला असेल तर तो आजच बदलावा. डोमेन स्थगित झाले की त्यावरील ईमेलही बंद पडतो, आणि ते सोडवण्यासाठी आलेली पत्रे पोहोचतच नाहीत.

पात्रता खरोखरच संपली असेल, तर खोटा पत्ता देऊन वेळ काढण्यापेक्षा मिळालेल्या मुदतीत स्थलांतर करणे बरे. रहिवासाची अट नसलेले एक डोमेन घेऊन संकेतस्थळ आणि ईमेल तेथे न्यावे, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन (जुना पत्ता उघडला की आपोआप नवा उघडण्याची सोय) लावावे आणि बँक, ग्राहक व इतर सेवांच्या खात्यांतील ईमेल एकेक करून बदलावेत. पुनर्निर्देशन जुने डोमेन चालू असेपर्यंतच काम करते, त्यामुळे ही सारी कामे स्थगितीच्या तारखेपूर्वी, शक्य तितकी आधी उरकावी लागतात. जुने डोमेन विकायचे असल्यास घेणाराही त्या देशाच्या नियमांनुसार पात्र असावा लागतो, म्हणून पैसे घेण्याआधी त्याच्या पात्रतेचा पुरावा मागून घ्यावा.